इंग्रजीतील कोणत्या चुका आधी सुधाराव्यात आणि कोणत्या सोडून द्याव्यात

परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिकाताईंनी विचारले आहे की, मुलांच्या इंग्रजीतील व्याकरणाच्या आणि उच्चारांच्या कोणत्या चुका जुन्या शिक्षकाला सर्वाधिक खटकतात आणि त्यांपैकी कोणत्या आधी सुधारायला घ्याव्यात. त्यांच्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही. मुले धडा वाचतात, पण बोलत नाहीत, आणि प्रत्येक चूक दाखवली की उरलेसुरले बोलणेही बंद होते, अशी त्यांची अडचण आहे.

ताई, राज्यातील मराठी शाळांत 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे आजच्या मुलाला ही भाषा पूर्वीच्या मुलापेक्षा चार वर्षे अधिक मिळते, तरीही दहावीच्या मुलांच्या वह्यांतील चुका बऱ्याच अंशी त्याच आहेत. त्याचे कारण मुलांच्या बुद्धीत शोधू नये. चूक जरा थांबून पाहिली तर तिच्यामागे बहुधा मराठीचा एखादा अगदी शिस्तशीर नियम सापडतो, आणि पुष्कळदा तो नियम वर्गात शिक्षकांनीच इंग्रजीवर चढवलेला असतो. मला मनापासून खटकतात त्या अशा शिकवून पक्क्या केलेल्या चुका. मुलाने स्वतःहून केलेली चूक वाचनाने आणि ऐकण्याने हळूहळू जाते. नियम म्हणून पाठ केलेली चूक पदवीनंतरही जात नाही.

यात पहिला क्रमांक 'होता-होती-होते' या युक्तीचा आहे. शिकवणी वर्गांत आणि बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत काळ ओळखण्याची सोपी रीत म्हणून सांगितले जाते की, मराठी वाक्याच्या शेवटी 'होता, होती, होते' आले की इंग्रजीत पूर्ण भूतकाळ करावा आणि 'हॅड' लावावा. मूल ही रीत प्रामाणिकपणे पाळते. 'मी काल लातूरला गेलो होतो' या वाक्याचे ते 'आय हॅड गॉन टू लातूर यस्टरडे' असे करते आणि शिक्षकही त्याला बरोबरची खूण देतात. वास्तविक मराठीतील 'गेलो होतो' आणि इंग्रजीतील 'हॅड गॉन' यांची कामे वेगळी आहेत. मराठीत आपण 'गेलो होतो' म्हणतो तेव्हा जाऊन परत आलो, ती गोष्ट होऊन संपली, एवढेच सुचवायचे असते. इंग्रजीतील 'हॅड' मात्र भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे सांगण्यासाठी येतो. 'आम्ही स्थानकावर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' या वाक्यात तो योग्य आहे, कारण पोचण्याच्या आधी सुटणे घडले. नुसत्या 'काल गेलो होतो'साठी 'आय वेंट टू लातूर यस्टरडे' एवढेच पुरते. ही चूक मी प्राध्यापकांच्या अर्जांत आणि कार्यालयीन पत्रांतही सातत्याने पाहिली आहे. ती घालवायची असेल तर क्रियापदाच्या शेवटाकडे पाहणे बंद करून मुलांना एकच प्रश्न विचारण्याची सवय लावावी: 'या घटनेच्या नंतर घडलेली, भूतकाळातलीच दुसरी कोणती घटना वाक्यात किंवा आजूबाजूला आहे का?' तशी घटना नसेल तर 'हॅड' लावू नये.

दुसरी चूक 'डिड नॉट वेंट' ही. हिच्यावर मुले जितकी बोलणी खातात तितकी दुसऱ्या कोणत्याही चुकीवर खात नसतील, पण ती का होते हे फारसे कोणी सांगत नाही. मराठीत 'तो गेला' याचा नकार 'तो गेला नाही' असा होतो. मूळ क्रियापद भूतकाळातच राहते आणि 'नाही' फक्त पुढे जोडला जातो. प्रश्नातही तसेच आहे, 'तो गेला का?' मुलाने 'गेला'साठी 'वेंट' शिकलेले असते, म्हणून ते 'वेंट' तसेच ठेवून भोवती 'डिड' आणि 'नॉट' बसवते. मराठीच्या नियमाने पाहता त्याचे काहीच चुकलेले नाही. इंग्रजीत नकार आणि प्रश्न करताना काळाची खूण मुख्य क्रियापदावरून उचलून 'डू'वर ठेवली जाते, म्हणून 'डू'चे 'डिड' होते आणि 'वेंट'चे पुन्हा 'गो' होते. एका क्रियापद-गटात ही खूण एकदाच येते. मी फळ्यावर 'तो गेला नाही' आणि त्याखाली इंग्रजी वाक्य लिहून दोन्ही वाक्यांत काळ दाखवणारा शब्द खडूने गोल करायला लावतो. मराठीत गोल 'गेला'वर पडतो, इंग्रजीत 'डिड'वर. सहावीतील मुलांनाही हा फरक एका तासात कळतो. 'ही गोज' याचे 'ही डझ नॉट गोज' का होत नाही, हेही त्याच तासात उलगडते, कारण तिथे उचलली जाणारी खूण 'एस'ची असते.

संकेतार्थाची गोष्टही अशीच आहे. 'तो आला असता तर मी गेलो असतो' या मराठी वाक्याच्या दोन्ही भागांत 'असता-असतो' एकाच रूपात येते, त्यामुळे इंग्रजीतही दोन्ही भागांत 'वुड हॅव' येते: 'इफ ही वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन'. प्रमाण इंग्रजीत 'इफ'च्या भागात 'हॅड कम' आणि दुसऱ्या भागात 'वुड हॅव गॉन' अशी विभागणी असते. इथे मी एवढेच सांगतो की, 'तर'च्या अलीकडे 'वुड' टाळावा आणि पलीकडे ठेवावा. शालेय पातळीला एवढे पुरेसे आहे. यापुढचे बारकावे बारावीनंतर पाहता येतात.

'आहे' या क्रियापदाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण मराठवाड्यातील मुलांच्या इंग्रजीतील चुकांचा फार मोठा भाग तिथून येतो. मराठीला 'हॅव'च्या जोडीचे क्रियापद नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे सायकल आहे, त्याला ताप आहे, आमची चार एकर जमीन आहे, या सगळ्यांसाठी आपण 'आहे'वरच भागवतो आणि मालकी विभक्तीने दाखवतो. मुलाला पहिलीतच 'ॲम, इज, आर म्हणजे आहे' असे पाठ करून दिलेले असते. मग मराठीत जिथे 'आहे' दिसेल तिथे 'ॲम' आला पाहिजे असे त्याला वाटते आणि 'आय ॲम हॅव टू ब्रदर्स', 'मी सहमत आहे' याचे 'आय ॲम अग्री', अशी वाक्ये तयार होतात. पुढे कोणीतरी 'ॲम'नंतर क्रियापदाला 'आयएनजी' लागते असे सांगते आणि 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे रूप पक्के होते.

त्यात आपल्या बोलीची भर पडते. मराठवाड्यात चालू क्रिया सांगताना 'जायलो', 'करायलास', 'म्हणायली' अशी रूपे सर्रास वापरली जातात, आणि ती केवळ हालचालीच्या क्रियांपुरती नसतात. 'मला समजायलं नाही', 'त्याला आठवायलं नाही', 'मला ते खरं वाटायलं' हे आपण सहज बोलतो. साहजिकच 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'ही इज नॉट रिमेम्बरिंग' ही वाक्ये मुलाच्या कानाला अगदी योग्य वाटतात. इंग्रजीत समजणे, आठवणे, माहीत असणे, आवडणे, जवळ असणे ही क्रियापदे सहसा चालू रूपात येत नाहीत. आपली बोली अशुद्ध आहे म्हणून चूक झाली, असे मुलाला चुकूनही सांगू नये; 'समजायलं' हे आपल्या भागातील पूर्णपणे नियमबद्ध रूप आहे, इंग्रजीचा नियम फक्त वेगळा आहे, असे सांगावे. दोन्ही रूपे शेजारी लिहून दाखवली की मूल शरमत नाही आणि फरकही लक्षात ठेवते.

वाक्प्रयोगांच्या पातळीवर अशाच काही जागा आहेत, पण त्यांवर फार वेळ घालवू नये. 'दोन वर्षांपासून' आणि '2019 पासून' या दोहोंना मराठीत एकच 'पासून' लागतो, म्हणून मुले दोन्हीकडे 'सिन्स' लावतात. कालावधी असेल तर 'फॉर' आणि आरंभबिंदू असेल तर 'सिन्स' एवढे सांगितले की काम होते. 'जरी-तरी'च्या जोडीमुळे 'ऑल्दो' लिहून पुढे पुन्हा 'बट' येतो. इंग्रजीत त्यांपैकी एकच लागतो. 'पेक्षा'मुळे 'सीनियर दॅन मी' होते, तिथे 'टू' हवा. 'विषयी चर्चा'मुळे 'डिस्कस अबाउट' होते, 'मला समजावून सांगा'मुळे 'एक्स्प्लेन मी' होते, आणि 'माझे वडील शेतकरी आहेत' यातील आदरार्थी अनेकवचनामुळे 'माय फादर आर फार्मर' होते. 'वन ऑफ माय फ्रेंड' आणि 'फर्निचर्स', 'इन्फर्मेशन्स' ही रूपे वाचनाने सुधारतात. 'अ', 'ॲन', 'द' यांना मराठीत जागाच नसल्यामुळे ते सर्वांत शेवटी बसतात. त्यांपैकी 'अ' की 'ॲन' हे अक्षरावरून न ठरता उच्चारावरून ठरते, म्हणून 'ॲन अवर' आणि 'अ युनिव्हर्सिटी', एवढे आठवीपर्यंत आले तरी चालेल.

आता ज्या चुका खटकू नयेत असे मला वाटते त्यांविषयी. काही ज्येष्ठ सहकारी वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय आले की लाल शाईने खोडतात. या नियमाचा उगम 17 व्या शतकात आहे. 1672 मध्ये कवी जॉन ड्रायडन यांनी बेन जॉन्सन यांच्या लेखनातील अशा वाक्यांना नाव ठेवले आणि पुढच्या व्याकरणकारांनी ते उचलून धरले. इंग्रजी बोलणाऱ्यांची प्रत्यक्ष भाषा त्या नियमाने कधीच चालली नाही. 'आय'बरोबर 'शॅल'च पाहिजे हा आग्रहही आता सोडून द्यावा. 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) हा भारतीय शब्द ऑक्सफर्ड शब्दकोशात नोंदलेला आहे. तेव्हा मुलाने तो वापरला तर अडवण्याचे कारण नाही. परदेशातील माणसाला तो कदाचित कळणार नाही, एवढे सांगावे म्हणजे झाले.

उच्चारांच्या बाबतीत हा विवेक अधिकच लागतो, कारण मराठवाड्यातील मुलांनी उच्चारांवरून पुष्कळ सोसलेले असते. 'पाणी'ला 'पानी' म्हटल्याबद्दल पुण्यात शिकायला गेलेल्या मुलाला हसतात. इंग्रजीत 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही, म्हणजे ज्या दोन वर्णांवरून ते मूल आयुष्यभर ओशाळले, त्यांचा इथे काही संबंधच येत नाही. हे मी वर्गात आवर्जून सांगतो. 'थँक यू' आणि 'दॅट' आपल्या थ-दने म्हटले, 'टी' आणि 'डी' आपल्या ट-डने म्हटले, शब्दाच्या शेवटचा 'आर' स्पष्ट उच्चारला, तरी ऐकणाऱ्याला अर्थ लागतो. ही आपली धाटणी आहे. ती बदलण्यात एकही तास घालवू नये.

अर्थ बदलतो तिथे मात्र हयगय करू नये. 'शिप' आणि 'शीप', 'लिव्ह' आणि 'लीव्ह', 'फिल' आणि 'फील' या जोड्यांतील फरक आपल्या मुलांना ऐकूच येत नाही, आणि त्याचे कारण मराठीतच आहे. आपण 'दिन' आणि 'दीन' वेगळे लिहितो, पण बोलताना सारखेच बोलतो. मराठी शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करणारे मूल आणि 'आय लीव्ह इन सेलू' म्हणणारे मूल एकाच कारणाने चुकत असते. इंग्रजीत हा फरक निव्वळ लांबीचा नाही, जिभेची जागाही बदलते: 'शीप'मध्ये जीभ अधिक वर आणि ताणलेली असते व ओठ फाकतात, 'शिप'मध्ये ती सैल असते. आधी ऐकून ओळखायला लावावे, आणि ओळखता आल्यावरच म्हणायला लावावे. आपण एक शब्द म्हणायचा आणि मुलांनी पहिल्या शब्दासाठी एक बोट, दुसऱ्यासाठी दोन बोटे दाखवायची, हा खेळ पाच मिनिटांचा आहे आणि त्यात कोणालाही बोलण्याची भीती वाटत नाही.

तशीच 'स' आणि 'श' यांची अदलाबदल. आपल्याकडे सिमेंटला 'शिमिट' म्हणतात. 'इ' आणि 'ए' यांच्या आधी 'स'चा 'श' होण्याकडे ग्रामीण बोलीचा कल असतो. त्यामुळे 'सी' आणि 'शी', 'सेम' आणि 'शेम' एक होतात आणि वाक्याचा अर्थच बदलतो. 'इज', 'वॉज', 'बॉइज' यांच्या शेवटचा घोष ध्वनी, म्हणजे घशात कंप होऊन निघणारा 'झेड'चा आवाज, 'स' किंवा 'ज' असा उच्चारला जातो. इथे आपल्या भागाची एक मोठी जमेची बाजू आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती, आणि आजही आपल्या वर्गांत घरी दखनी (दख्खनची उर्दू बोली) बोलणारी मुले असतात. 'जिंदगी' आणि 'फर्क' या शब्दांच्या आरंभीचे ध्वनी त्यांच्या जिभेवर उर्दूच्या रीतीने मुळातच असतात, आणि इंग्रजीतील 'झेड' व 'एफ' तेच आहेत. त्या मुलांना पुढे बोलावून बाकीच्यांना ऐकवावे. उलट 'इस्कूल', 'इस्टेशन' असा आरंभीचा स्वर त्यांच्यापैकी काहींच्या बोलण्यात येतो, तिथे त्यांनी इतरांचे ऐकावे. परस्परांकडून शिकताना मुले एकमेकांना हसत नाहीत, हे मी अनेक तुकड्यांत पाहिले आहे.

स्पेलिंगवरून उच्चार करण्याची सवय हा मोठा प्रश्न आहे आणि तोही आपल्या लिपीमुळे येतो. देवनागरीत लिहिले तसे बहुतांशी वाचता येते, म्हणून 'डेट' म्हणजे कर्ज या शब्दातील 'बी' आणि 'रिसीट'मधील 'पी' मुले म्हणून दाखवतात. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 मध्ये छापखाना सुरू केला आणि त्यानंतर स्पेलिंग हळूहळू गोठत गेले, पण नेमक्या त्याच काही शतकांत स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणात बदलत होते. शिवाय 'डेट'मधील 'बी' मूळ लॅटिन शब्दाची आठवण ठेवण्यासाठी विद्वानांनी मागाहून घातलेला आहे; तो इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नव्हता. ही हकिकत सांगितली की मुलांना ती विसंगती अन्यायकारक वाटेनाशी होते. सर्वाधिक चुकणारा शब्द म्हणजे खुद्द 'प्रनन्सिएशन'. 'प्रनाउन्स' या क्रियापदातील 'नाउ' नामात राहत नाही, आणि उच्चार शिकवणाऱ्यानेच 'प्रोनाउन्सिएशन' म्हणावे हे मला खरोखर दुःखदायक वाटते.

क्रियापदांच्या शेवटचा 'ईडी' मुले 'वॉक-एड', 'लाफ-एड' असा सुटा उच्चारतात. इथे मराठी व्याकरणाचाच तास कामी येतो. व्यंजनसंधीत 'विपद् + काल = विपत्काल' होताना कठोर व्यंजनाच्या शेजारी 'द'चा 'त' होतो, हे मुलांनी शिकलेले असते. इंग्रजीतही तत्त्व तेच: 'वॉक', 'लाफ', 'वॉश' यांच्या शेवटी कठोर ध्वनी आहे म्हणून 'ईडी'चा उच्चार 'ट' होतो आणि आपण 'वॉक्ट', 'लाफ्ट' म्हणतो. 'प्ले', 'ओपन' यांच्या शेवटी मृदू ध्वनी किंवा स्वर आहे म्हणून तिथे 'ड'. शेवटी मुळातच 'टी' किंवा 'डी' असेल तरच 'वॉन्टिड'सारखा वेगळा स्वर येतो. अनेकवचनाच्या 'एस'लाही हाच नियम लागतो: 'बुक्स'मध्ये 'स', 'पेन्झ'मध्ये घोष ध्वनी. संधी शिकवणाऱ्या मराठीच्या शिक्षकांना या तासाला सोबत बोलवावे.

आघात हा विषय शाळांतून जवळजवळ शिकवलाच जात नाही, आणि परक्या माणसाला आपले इंग्रजी न कळण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. मराठीत शब्दातील अक्षरांवर साधारण सारखाच जोर असतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर क्षीण होतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'डिव्हेलपमेंट'मध्ये 'व्हे'वर. त्यातल्या त्यात एक नियम भरवशाचा आहे: शब्दाच्या शेवटी 'शन' असा उच्चार असेल तर त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर येतो, जसे 'एज्युकेशन', 'इन्फर्मेशन', 'पोझिशन'. शब्दकोशात ज्या अक्षरावर जोर त्याच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते, ती वाचायला पाचवीतच शिकवावी.

क्रमाचे म्हणाल, तर पहिल्या सत्रात फक्त 'डिड', 'हॅड' आणि 'ॲम' या तीन जागा धराव्यात, आणि वहीत त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही चुकीवर लाल रेघ मारू नये. एका परिच्छेदावर पंधरा खुणा दिसल्या की मूल एकही वाचत नाही. चूक दाखवताना बरोबर रूप लिहून देण्याऐवजी ओळीच्या कडेला नुसती खूण करावी आणि शब्द त्याला शोधू द्यावा. दुसऱ्या सत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या, स-श आणि 'ईडी' घ्यावेत; आघात वर्षभर थोडाथोडा, प्रत्येक नव्या शब्दासोबत.

बोलताना मात्र चूक दाखवायला मुलाला थांबवू नये. त्याने 'मॅडम, आय डिड नॉट केम यस्टरडे' म्हटले, तर आपण सहजपणे 'यू डिड नॉट कम? व्हाय?' असे विचारून संभाषण पुढे न्यावे. योग्य रूप त्याच्या कानावर पडते, आणि न येण्याचे कारण इंग्रजीत सांगण्यासाठी त्याला आणखी एक वाक्य बोलावे लागते. तेच मूल आठ-दहा वेळा तसेच चुकले तरी हीच रीत चालू ठेवावी. लेखी खुणा आणि हे ऐकणे एकाच सत्रात चालले, तर आधी वहीतले 'केम' जाते आणि नंतर बोलण्यातले.